वेटसूटमुळे पोहण्याचा वेग खरोखर वाढतो का? नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

खुल्या पाण्यातील पोहण्याकडे किंवा ट्रायथलॉनकडे (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) वळलेल्या जवळपास प्रत्येकाला वेटसूटबद्दल, म्हणजे पोहताना घालायच्या घट्ट रबरी सूटबद्दल, दोन परस्परविरोधी सल्ले ऐकायला मिळतात. एक जण सांगतो, सूट घाला, वेळ आपोआप कमी होईल. दुसरा सांगतो, खांदे आखडतात, जीव गुदमरतो, नुसत्या पोहण्याच्या कपड्यांवरच जा. दोघेही आपापल्या अनुभवापुरते खरे बोलत असतात, कारण वेटसूट सर्वांना सारखा लाभ देत नाही. तो कोणाला किती देतो हे त्या व्यक्तीचे शरीर पाण्यात कसे पडते यावर अवलंबून असते. हे गणित समजून न घेता सूट विकत घेतला, की मापापासून सरावापर्यंत सगळेच चुकत जाते. म्हणून हा लेख खरेदीच्या आधीपासून सुरू होतो.

१. वेग नेमका कुठून येतो ते आधी समजून घ्या

वेटसूट मुळात वेगासाठी तयार झालेला नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी नौदलाच्या डायव्हरांसाठी त्याची कल्पना मांडली. त्यांचा मुद्दा असा होता की, कापडाच्या आतच वायूचे असंख्य बुडबुडे बंदिस्त असतील, तर उष्णता ते बुडबुडेच अडवतील आणि अंग कोरडे ठेवण्याची गरज उरणार नाही. सूटच्या आत शिरलेले पाणी गरम होऊन आपल्याला ऊब देते, ही समजूत अजूनही सर्वत्र आहे. प्रत्यक्षात पोहण्याच्या सूटमध्ये आत जितके कमी पाणी खेळेल तितके बरे. खास ट्रायथलॉनसाठी शिवलेला सूट १९८७ साली, डॅन एम्पफील्ड यांच्या क्विंटाना रू या कंपनीकडून आला. तिथून हे कपडे उबेसाठी कमी आणि वेगासाठी जास्त घातले जाऊ लागले.

वेग देणारी गोष्टही तेच बुडबुडे आहेत. निओप्रीनचा, म्हणजे सूटच्या कृत्रिम रबराचा, फोम पाण्यापेक्षा कितीतरी हलका असतो. साधा हिशोब करून पाहा: सूटचे एकूण घनफळ पाच लिटर आणि वजन दीड किलो धरले, तर पूर्ण बुडालेला सूट सुमारे पाच किलो पाणी बाजूला सारतो आणि त्याचे स्वतःचे वजन वजा जाता साडेतीन किलोंचा आधार शिल्लक राहतो. हा आधार कुठे मिळतो हे अधिक महत्त्वाचे आहे. फुप्फुसांमुळे छाती मुळातच तरंगते, शरीराचे वजन मात्र कमरेच्या आसपास एकवटलेले असते. त्यामुळे आडवे पडल्यावर पाय खाली जाऊ लागतात आणि शरीर तिरके होऊन पाण्याला अधिक मोठे तोंड देते. सूट कंबर आणि मांड्या उचलतो, शरीर सपाट होते आणि पाण्याचा रोध घटतो. गुळगुळीत बाह्य थरामुळे घर्षणही थोडे कमी होते, पण मोठा वाटा या सपाटपणाचा.

रोध किती घटतो? नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, सेकंदाला १.२५ मीटर वेगाने पोहताना तो सुमारे १४ टक्क्यांनी आणि १.५ मीटर वेगाने सुमारे १२ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. मात्र रोध १२ टक्के घटला म्हणून वेग १२ टक्के वाढत नाही. पाण्यात लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तेवढ्याच श्रमात मिळणारी वाढ साधारण चार टक्के निघते. शंभर मीटरला दोन मिनिटे घेणाऱ्यासाठी ती पाच सेकंदांची बचत झाली, म्हणजे १,५०० मीटरला सव्वा मिनिट. जाहिरातींत याहून मोठे आकडे दिसले, तर हा हिशोब आठवावा.

२. तुमचे पाय किती बुडतात ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि खरे उत्तर इथेच असते. त्यासाठी सूटची गरज नाही; तलाव, घड्याळ आणि एक पूल बॉय (मांड्यांमध्ये धरायचा तरंगणारा फोमचा ठोकळा) पुरेसा आहे.

अंग पुरते गरम झाल्यावर सारख्याच श्रमाने चार वेळा शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहा, दोन वेळा नेहमीप्रमाणे आणि दोन वेळा मांड्यांमध्ये पूल बॉय धरून, पाय न मारता. पूल बॉयने वेळ स्पष्टपणे कमी होत असेल, तर तुमचे पाय बुडत आहेत आणि सूट तुम्हाला बरेच काही देईल. वेळ सारखीच राहिली तर लाभ मध्यम असेल. पूल बॉयने वेग घटत असेल, तर तुमची किक चांगली आहे, शरीर आधीच सपाट आहे आणि सूटकडून फार अपेक्षा ठेवू नये.

संशोधनातही हेच चित्र दिसते. १९९० च्या दशकातील एका फ्रेंच अभ्यासात ४०० मीटर पोहताना ट्रायथलीटांची वेळ वेटसूटमुळे ठळकपणे सुधारली, स्पर्धात्मक जलतरणात मुरलेल्यांची मात्र सुधारली नाही. शरीरात चरबी कमी आणि स्नायू जास्त असलेल्यांना, म्हणजे जे मुळात कमी तरंगतात त्यांना, सूटचा आधार जास्त उपयोगी पडतो. धावणे किंवा सायकलिंग करून पोहण्याकडे आलेले सडपातळ लोक सूटवर इतके का खूश असतात, याचे उत्तर यात आहे. उलट, ज्यांचे पाय आधीच पृष्ठभागावर असतात त्यांना सूट गरजेपेक्षा जास्त उचलतो. टाचा हवेत येतात, किक पाण्याऐवजी हवेत बसते आणि तोंड खाली दाबल्यासारखे वाटते. ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. तुम्ही मुख्यतः ब्रेस्टस्ट्रोकच पोहत असाल, तर पाय पातळ असलेला सूट पाहा किंवा थंडीची अडचण नसेल तर सूटशिवायच राहा.

३. नियम वाचा, मगच पैसे खर्च करा

सूट घालायला परवानगीच नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. नियम पाण्याच्या तापमानावर ठरतात आणि संघटनेनुसार बदलतात. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांत सूटची जाडी ५ मिलीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. १,५०० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी पाणी २० अंश सेल्सिअसपेक्षा गरम असेल तर अव्वल गटाला सूट वापरता येत नाही, तर वयोगटातील (हौशी) स्पर्धकांना ही मर्यादा २२ अंशांची आहे. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉन स्पर्धांत वयोगटातील स्पर्धकांना २४.५ अंशांपर्यंत मुभा असते. त्याच्या वर, विशिष्ट मर्यादेपर्यंत, सूट घालून पोहता येते, पण बक्षिसांवरचा आणि पात्रतेवरचा हक्क जातो. वर्ल्ड अॅक्वाटिक्स या जलतरणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या खुल्या पाण्यातील शर्यतींत १८ अंशांखाली सूट सक्तीचा आणि १८ ते २० दरम्यान ऐच्छिक असतो. इंग्लिश खाडीसारख्या पारंपरिक दीर्घ पल्ल्याच्या पोहण्यात मात्र वेटसूट घातला, तर ते पोहणे पारंपरिक नियमांत बसत नाही. तिथे साधा पोशाख, टोपी आणि गॉगल मान्य आहेत.

इथे सापळा असा की, तापमान अधिकृतपणे स्पर्धेच्या दिवशी, सुरुवातीच्या थोडे आधी मोजले जाते. आदल्या आठवड्यात पाणी थंड होते म्हणून सूट चालेलच असे गृहीत धरू नका. सूटशिवाय तेवढे अंतर पोहण्याचा सराव असलाच पाहिजे. नियम बदलतात, म्हणून तुमच्या स्पर्धेची चालू वर्षाची नियमपुस्तिका उघडून तापमान, जाडी, हातमोजे व मोजे आणि कापडी स्विमस्किन या चार नोंदी स्वतः पाहा. स्विमस्किन म्हणजे न तरंगवणारा पातळ कापडी सूट. तो वेटसूटला पर्याय नव्हे, वेटसूट बंद असताना घालायची वस्तू आहे.

४. सूट निवडताना

सर्फिंगचा किंवा डायव्हिंगचा सूट पोहण्यासाठी घेऊ नका, कोणी फुकट दिला तरी. त्यांचे खांदे जाड असतात, बाहेरून कापडाचे अस्तर असते आणि त्यांची बेतणी उभे राहण्यासाठी किंवा पाण्याखाली जाण्यासाठी केलेली असते. पोहण्याच्या सूटमध्ये खांदे आणि काखा दीड ते दोन मिलीमीटर इतक्या पातळ, तर छाती आणि मांड्या तीन ते पाच मिलीमीटर जाड असतात. पहिल्या सूटसाठी मी खांद्यांच्या लवचिकतेला सर्वांत जास्त महत्त्व देईन. मांड्यांवरचा एखादा मिलीमीटर कमी असला तरी चालेल, पण हात पुढे नेताना दर वेळी रबर ताणावे लागत असेल, तर हजार मीटरनंतर तेच खांदे भरून येतात आणि मिळालेला लाभ तिथेच संपतो.

पूर्ण बाह्यांचा की बिनबाह्यांचा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पूर्ण बाह्यांचा सूट सहसा वेगवान ठरतो, कारण आत पाणी कमी शिरते आणि पृष्ठभाग अखंड राहतो. ज्यांचे खांदे मुळात ताठ आहेत किंवा जे बऱ्यापैकी कोमट पाण्यात पोहणार आहेत, त्यांनी बिनबाह्यांचा विचार जरूर करावा.

माप पाहताना उंचीपेक्षा वजन आणि छाती यांना महत्त्व द्या. कोरड्यात सूट जरा जास्तच घट्ट वाटला पाहिजे, कारण पाण्यात तो सैलावतो. तीन जागा हाताने चाचपून पाहा: पाठीचा खालचा भाग, काखा आणि जांघ. पाठीवर चिमटीत रबर सहज येत असेल, तर तिथे पाण्याची पिशवी साठेल आणि सूट मदत करण्याऐवजी ओझे होईल. मान मात्र वेगळी: दोन बोटे आत जाताना त्रास होत असेल, किंवा उभे असतानाच गळा दाबल्यासारखा वाटत असेल, तर तो सूट परत करा. गळ्याची घट्टाई सवयीने जाईल असे विक्रेते सांगतात. थंड पाण्यात ती जात नाही, वाढते.

५. सोबत लागणाऱ्या गोष्टी

- पेट्रोलियम जेली नसलेले त्वचेचे वंगण (पेट्रोलियममुळे निओप्रीन आणि त्याचे जोड खराब होतात)
- सूट चढवण्यासाठी पातळ सुती हातमोजे आणि एक प्लास्टिकची पिशवी
- ठळक रंगाची टोपी, गॉगल आणि कमरेला बांधायचा फुगा
- पाण्याचा थर्मामीटर
- वेळ नोंदवणारे घड्याळ आणि छोटी वही
- मोठा टॉवेल, कोरडे गरम कपडे आणि गरम पेय
- स्पर्धेसाठी: ओळखपत्र, नोंदणीची पावती, आयोजकांनी मागितले असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र आणि नियमपुस्तिकेची प्रत

६. सूट नीट चढवा

सूट वाईट आहे अशा अर्ध्याहून अधिक तक्रारींचे मूळ तो अर्धवट चढवलेला असण्यात असते. घाई न करता पहिल्या वेळी वीस मिनिटे हाताशी ठेवा.

नखे कापा, अंगठ्या काढा. मान, काखा, मनगटे आणि घोटे यांना वंगण लावा, पण ते हातांच्या तळव्यांवर राहू देऊ नका; नंतर गॉगलवर चढते. पायावर प्लास्टिकची पिशवी घालून पाय आत सरकवा, म्हणजे रबर टाचेला अडत नाही. घोट्याची कड हाडाच्या चार बोटे वर आणा. मग बोटांच्या पेरांनी, नखांनी कधीही नाही, थोडे थोडे रबर चिमटीत धरून पोटरीवरून गुडघ्याकडे आणि मांडीवरून वर सरकवत जा. जांघेत अजिबात पोकळी उरता कामा नये. इथे राहिलेली दोन बोटांची पोकळी पुढे खांद्यावर वसूल होते, कारण धड तेवढे खाली ओढले जाते आणि हात पुढे नेताना संपूर्ण सूट उचलावा लागतो. कंबर बसली की बाह्या चढवा आणि मनगटापासून खांद्याकडे रबर सरकवत न्या, इतके की खांद्यावर एक छोटी सुरकुती जमा होईल. ती सुरकुती म्हणजे हाताला मिळालेली मोकळीक.

पाठीची झिप लावताना खांद्याची पाती एकमेकांजवळ आणा आणि शक्य तर दुसऱ्याला झिप ओढू द्या; एकट्याने जोर लावून झिप आणि अस्तर फाटलेली कितीतरी उदाहरणे असतात. झिपची दोरी आत दुमडली गेली नाही ना, एवढे पाहा. शेवटी दोन्ही हात डोक्यावर ताणा. गळ्याला ओढ बसली तर धडाचे रबर अजून वर यायचे आहे.

नखाने पडलेली अर्धचंद्राकृती चीर दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. आतले अस्तर शाबूत असेल, तर निओप्रीनच्या चिकट द्रावणाने ती घरीच भरता येते. मात्र त्याच दिवशी त्यावर ताण देऊ नका.

७. पाण्यातली पहिली काही मिनिटे

पहिले पोहणे स्पर्धेत कधीही नको आणि एकट्याने तर मुळीच नको. थंड पाण्यात शिरल्याबरोबर श्वास आपोआप धापांत येतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. हा झटका साधारण दीड-दोन मिनिटांत ओसरतो. छातीवर घट्ट रबर असेल, तर ती धाप गुदमरल्यासारखी वाटते आणि नेमक्या त्या क्षणी बहुतेक नवखे घाबरतात. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलूनच थंड पाण्यात उतरावे.

म्हणून कमरेइतक्या पाण्यात थांबा. गळ्याची कड बोटाने ओढून थोडे पाणी आत घ्या, मग उभे राहून ते पायांकडे उतरू द्या. ते सूट अंगाला चिकटवते आणि अडकलेली हवा बाहेर काढते. चेहरा पाण्यात घालून तोंडाने बुडबुडे सोडा. श्वास सोडणे लांबले, की छातीवरचा दाब सुसह्य होतो. त्यानंतरच पोहायला लागा आणि पहिले शंभर मीटर मुद्दाम संथ ठेवा. श्वास लागला तर पाठीवर वळा. सूट तुम्हाला वर धरून ठेवतो, आणि हा विश्वास स्पर्धेआधी अंगात मुरलेला असणे फार मोलाचे असते.

८. हातांची आणि पायांची चाल थोडी बदला

सूटने पायांचा आधार दिला आहे, तर पायांना तेवढेच श्रम देण्यात अर्थ नाही. किक हलकी ठेवा, ती शरीर वळवण्याच्या तालापुरती असू द्या. ट्रायथलॉनमध्ये पुढे सायकल आणि धावणे असल्याने ही बचत वेळापेक्षाही जास्त कामाची ठरू शकते.

हात पुढे नेताना कोपर खूप उंच उचलण्याची तलावातली सवय खांद्याचे रबर ताणते. हात जरा सरळ आणि बाजूने मोकळा फिरवून पाहा. लाटा असतील तर तो फायद्याचाच ठरतो. धड वळवणे कमी होऊ देऊ नका. तरंगल्यामुळे सपाट पडून राहण्याचा मोह होतो आणि मग सगळा भार एकट्या खांद्यावर येतो. पुढे पाहण्यासाठी डोके उचलताना मात्र सूटचा खरा उपयोग कळतो, कारण डोके वर गेले तरी पाय पूर्वीइतके खाली जात नाहीत.

९. लाभ मोजा, अंदाजाने ठरवू नका

सूटमध्ये वेगवान वाटणे आणि वेगवान असणे यांत फरक असतो. तरंगल्यामुळे सगळेच सोपे वाटते आणि घट्टपणामुळे सगळेच अवघड; दोन्ही भावना फसव्या आहेत.

तलावात परवानगी घेऊन ही चाचणी करा. एका दिवशी आधी सूटशिवाय ४०० मीटर पोहा, पुरेशी विश्रांती घ्या आणि मग सूटमध्ये ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा, म्हणजे थकव्याचा परिणाम एकाच बाजूला पडणार नाही. दोन्ही वेळा श्रम सारखे ठेवा आणि वेळ, एका लांबीतील हातांची संख्या व शेवटी मनगटावरची नाडी लिहून ठेवा. वेळ कमी, नाडी तेवढीच आणि हातांची संख्या कमी, तर सूट काम करतो आहे. वेळ कमी पण नाडी चढलेली, तर तुम्ही फक्त जोर लावला आहे. वेळ सारखी आणि हातांची संख्या वाढलेली, तर बहुधा खांदे अडखळत आहेत: सूट पुन्हा चढवून बघा, तरीही तेच राहिले तर माप चुकलेले आहे.

तलावाचे पाणी कोमट असते, त्यामुळे सूटमध्ये याहून लांब पोहू नका. शरीराची उष्णता बाहेर पडायला जागा राहत नाही. चेहरा तापणे, डोके दुखणे किंवा मळमळणे जाणवले, तर लगेच झिप उघडून बाहेर या. गरम पाण्यातील स्पर्धांत सूटला बंदी असण्यामागे हेच कारण आहे. ही चाचणी झाल्यावर खुल्या पाण्यात, स्पर्धेच्या अंतराच्या निम्म्यापर्यंत, दोन-तीन वेळा तरी सूटमध्ये पोहा.

१०. सूट उतरवणे आणि सांभाळणे

शर्यतीत मिळवलेले सेकंद उतरवण्यात घालवणारे पुष्कळ असतात. पाण्याबाहेर आल्याबरोबर, सूटच्या आत पाणी असेपर्यंत, झिप उघडून बाह्या उलट्या ओढून काढा. पाणी निथळल्यावर तेच रबर कातडीला चिकटते. घड्याळ बाहीच्या आत असेल तर बाही सरळ निघते, बाहेर असेल तर अडते. पुढे सायकलीजवळ सूट गुडघ्यांखाली लोटून एका पायाने दुसऱ्या पायाची कड दाबून धरा आणि पाय वर खेचा. हे घरी दोन-चार वेळा ओल्या सूटमध्ये करून पाहा. कोरड्यात केलेला सराव इथे कामाला येत नाही.

दर वेळी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, क्लोरिनच्या तलावानंतर तर न चुकता. आधी आतली बाजू बाहेर करून सावलीत वाळवा, मग उलटा करा. उन्हाने आणि गरम पाण्याने निओप्रीन कडक होते. वॉशिंग मशीन आणि इस्त्री यांचा विचारही नको. पातळ हँगरला खांद्यांवर लटकवलेला ओला सूट नेमका खांद्यांतच ताणला जातो, म्हणून तो कमरेवर दुमडून जाड दांडीवर टाका. वर्षभर वापर नसेल, तर घड्या घालून वजनाखाली ठेवू नका. घडीच्या जागी दबलेले बुडबुडे पूर्ण फुगून येत नाहीत आणि तिथला आधार कायमचा कमी होतो.